बांबूउडी आणि भालाफेक यांचा एकत्रित सराव
डेकॅथलॉनच्या, म्हणजे दोन दिवस चालणाऱ्या दहा प्रकारांच्या मैदानी स्पर्धेच्या, दुसऱ्या दिवशी बांबूउडीपाठोपाठ भालाफेक होते, त्यामुळे हे दोन्ही प्रकार एकाच खेळाडूने जोपासणे मुळीच अशक्य नाही. मात्र दोन्हींचा ताण खांद्यावर येतो, हे आठवड्याचे नियोजन करताना प्रथम ध्यानात घ्यावे. पूर्ण धावेच्या उड्या आणि पूर्ण जोराच्या फेकी यांत शक्यतो दोन दिवसांचे अंतर ठेवावे. एकाच दिवशी दोन्ही करणे भाग पडल्यास उडी आधी घ्यावी, कारण थकलेल्या पायांनी धावत येऊन बांबू धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या खोलगट पेटीत रोवणे अधिक धोक्याचे असते, आणि त्यानंतर भाला केवळ तीन पावलांवरून, बेताच्या जोराने फेकावा.

खरी गल्लत होते ती शेवटच्या पावलांत. उडीमध्ये वेग वाढवत नेऊन, हात डोक्यावर ताणून वर झेपावायचे असते, तर भालाफेकीत तिरप्या पावलांनंतर पुढचा पाय ताठ रोवून धावेचा वेग भाल्याकडे वळवायचा असतो. म्हणून दोन्ही धावांच्या खुणा स्वतंत्रपणे मोजून ठेवाव्यात. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, तर महिलांचा ६०० ग्रॅमचा असतो. नवख्याने त्याहून हलक्या भाल्यापासून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नये. कोपराच्या आतील बाजूस दुखू लागल्यास फेक तत्काळ थांबवावी.