घरातल्या ज्येष्ठांना डिमेन्शियाच्या तपासण्यांसाठी नेताना

एमआरआय काढला की कळेल, असं बरेच जण सांगतात. पण डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, एका रिपोर्टवरून ठरत नाही. सासूबाईंच्या वेळी डॉक्टरांनी सगळ्यात आधी मागितली ती घरची हकिकत. म्हणून दोन-तीन आठवडे तारीख घालून लिहून ठेवा: दूधवाल्याला महिन्याचे पैसे दोनदा दिले, पुरणात गूळ घालायचा राहिला, रोजच्या देवळातून येताना गल्ली चुकली. 'विसरतात हो' एवढ्याने भागत नाही. कधीपासून, हळूहळू की एकदम, कुठलं काम अडतंय, हे सांगा. मात्र त्यांच्यादेखत नको, फार लागतं मनाला.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झोपेच्या, सर्दीच्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्यासुद्धा. यातल्या काहींनीही डोकं गोंधळतं.

मग प्रश्नांची चाचणी, बहुधा ३० गुणांची. आज वार कोणता, १०० मधून ७ वजा करत जा, सांगितलेले शब्द थोड्या वेळाने पुन्हा सांगा, घड्याळ काढून ११ वाजून १० मिनिटं दाखवा. चष्मा आणि कानाचं यंत्र लावूनच बसवा. शिक्षणाचा गुणांवर परिणाम होतो, तेव्हा सासूबाई चौथी शिकल्यात हे मी आधीच सांगितलं आणि चाचणी मराठीतच घ्यायला लावली. आणि मधे बोलू नका. त्यांनी घड्याळातले सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने लिहिले, डावी बाजू कोरीच राहिली. जीव तुटतो, पण डॉक्टरांना नेमकं तेच बघायचं असतं.

रक्तात थायरॉइड, बी-१२, साखर, सोडियम, कॅल्शियम, किडनी आणि लिव्हर बघतात. बी-१२ शाकाहारी घरांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हटकून तपासावं. रक्त देण्याआधीच त्याची इंजेक्शनं सुरू केली, तर कमतरता रिपोर्टात दिसत नाही. नैराश्याबद्दलही विचारा; त्यानेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत.

सीटी किंवा एमआरआयमध्ये मेंदूचा कुठला भाग आकसलाय ते दिसतं; शिवाय गाठ, पक्षाघाताचे जुने झटके, पडल्यामुळे कवटीत साचलेलं रक्त. पेसमेकर असेल तर एमआरआयची वेळ घेतानाच सांगा. पेट स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून काढतात तो) किंवा पाठीतलं पाणी काढणं सगळ्यांना लागत नाही.

गोंधळ एक-दोन दिवसांतच वाढला, तर या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. लघवीतला संसर्ग किंवा सोडियम उतरणं, असं काही असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.