कुत्र्याला गाडीने उडवलं? मग या चुका टाळा

धडक बसली, कुत्रा दोन मिनिटांनी उठून लंगडत चालायला लागला की आजूबाजूचे लगेच म्हणतात, काही नाही झालं, जाऊ द्या. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मोडलेला पाय दिसतो म्हणून सगळं लक्ष पायाकडे जातं, पण नुसता पाय मोडून कुत्रा सहसा मरत नाही, तो जातो पोटातल्या रक्तस्रावाने, फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साचल्याने नाहीतर डोक्याच्या माराने, आणि हे बाहेरून दिसतच नाही. कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण 80-90 मिली रक्त असतं, म्हणजे 10 किलोच्या गावठी कुत्र्यात लिटरभर पण नाही, त्यातलं पाव लिटर पोटात साचलं तरी वरून पत्ता लागत नाही.

म्हणून हात लावू देत असेल तर हिरडी बघा. ओठ वर करून बोटाने दाबा आणि सोडा, पांढरी पडलेली जागा 2 सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. वेळ लागतोय किंवा हिरडी मुळातच पांढुरकी आणि थंड आहे, तर तो शॉकमध्ये आहे, म्हणजे शरीराला पुरेसं रक्त पोहोचत नाहीये, आता पट्ट्या बांधत बसू नका, डॉक्टरकडे निघा. हिरड्या काळ्या असतील (आपल्याकडे बऱ्याच कुत्र्यांच्या असतात) तर खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.

घरातली क्रोसिन-कॉम्बिफ्लाम तर अजिबात नको, कॉम्बिफ्लाममधलं आयबुप्रोफेन कुत्र्याची किडनी आणि पोट दोन्ही बिघडवतं आणि शॉकमध्ये तर जास्तच. पाणी, दूध, बिस्कीट पण नको, भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं बरं. हळद, कॉफी पावडर जखमेत भरू नका, डॉक्टरला तीच धूत बसावी लागते, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका.

उचलताना काखेत हात घालून लटकवत नेतात लोक, मणक्याला मार असेल तर संपलंच. प्लायवूडचा तुकडा, दाराची फळी, काहीच नसेल तर चादर ताणून धरा आणि सरकवून घ्या. ओळखीचा कुत्रा पण दुखलं की चावतो, तेव्हा ओढणीने तोंड बांधा, पण धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नका. चावलाच तर जखम साबण लावून 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन घ्या.

पहिला एक्स-रे नॉर्मल आला की लोक निश्चिंत होतात. फुफ्फुसाला लागलेला मुका मार पुढच्या 24-48 तासांत वाढू शकतो, हृदयाचे ठोके पण कधीकधी दुसऱ्या दिवशी बिघडतात, त्यामुळे डॉक्टर ठेवून घ्या म्हणाले तर बिलावरून वाद न घालता ठेवा. घरी आणलाच तर झोपेत असताना श्वास मोजा, मिनिटाला 30 च्या वर सारखा जात असेल तर फोन करा. आणि लघवीवर लक्ष ठेवा, थोडी होते म्हणजे मूत्राशय शाबूत असं नसतं, फुटलेलं असूनही थोडी होते, उलट्या आणि सुस्ती एक-दोन दिवसांनी सुरू होते.