ओरेमची थिअरी वॉर्डात कशी वापरायची

नर्सिंग थिअरी म्हटलं की परीक्षेपुरतं पाठ करून सोडून देतात बरेच जण, पण डोरोथिया ओरेम या अमेरिकन नर्सिंग तज्ज्ञ बाईंची सेल्फ केअरची थिअरी, म्हणजे पेशंटला स्वतःचं जे जमतं ते त्यालाच करू द्यायचं आणि जमत नाही तेवढंच नर्सने करायचं किंवा शिकवायचं, ही खरंच रोज कामाला येते. शिफ्ट सुरू झाली की प्रत्येक पेशंटजवळ जाऊन आधी एवढंच बघा, की याला स्वतःचं काय काय जमतंय, खाणं, अंघोळ, संडासला जाणं, गोळ्या वेळेवर घेणं. त्यावरून तीन प्रकार पडतात. पहिला, बेशुद्ध असेल तर सगळं आपणच करायचं. दुसरा, ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेत, तोंड धुता येतंय पण पाठ पुसता येत नाही, मग तोंड त्यालाच धुवू द्या, वेळ लागला तरी चालेल, आणि पाठ तुम्ही पुसा. इथेच घाई होते बघा, पटकन उरकायचं म्हणून आपण सगळं करून टाकतो आणि माणूस उगाच परावलंबी होतो, मला हे फार लागतं मनाला. तिसरा प्रकार डायबेटीसवाल्यांचा, हातपाय धडधाकट पण इन्सुलिन कसं घ्यायचं माहीत नाही, त्यांना शिकवायचं आणि डिस्चार्जच्या आधी त्यांच्याकडूनच करून घ्यायचं. आणि हे रोज नव्याने बघा, कालचा पेशंट आज तसाच नसतो.