ओरेगॉनच्या ग्रामीण कौंटीत जमीनवापराचे नियम बदलताना : नव्या प्लॅनरसाठी

महाराष्ट्रात नगररचना शिकलेल्यांच्या डोक्यात लोकसहभागाचा क्रम पक्का बसलेला असतो : आधी प्रारूप आराखडा, मग हरकती-सूचना, मग समितीपुढे सुनावणी. अमेरिकेत ओरेगॉन राज्याच्या ग्रामीण कौंटीत (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) प्लॅनरची नोकरी धरणाऱ्याने हा क्रम आधी बाजूला ठेवावा. कायद्याने सुनावणी इथेही आहे, पण लोकांनी मसुदा पहिल्यांदा त्या दिवशी पाहिला तर तो बहुधा तिथेच अडकतो. अडकावाही, कारण जमीन त्यांची आहे.

1973 च्या सिनेट बिल 100 पासून राज्यातल्या सगळ्या 36 कौंट्यांना सर्वंकष आराखडा आणि झोनिंग बंधनकारक आहे. राज्याची 19 नियोजन उद्दिष्टं आहेत आणि त्यांतलं पहिलंच नागरिकांच्या सहभागाचं. त्यात सहा बाबी सांगितल्या आहेत. त्यांतली सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे सूचना करणाऱ्याला त्या सूचनेचं काय झालं ते कळवणं. बाकी पाच कशाबशा पार पडतात, ही एक राहून जाते आणि पुढच्या वेळी सभागृह रिकामं दिसतं.

कामाला लागताना तारखा उलट्या मोजा. प्लॅनिंग कमिशनच्या, म्हणजे कौंटीच्या नियोजन सल्लागार समितीच्या, पहिल्या सुनावणीआधी किमान 35 दिवस राज्याच्या जमीन संवर्धन व विकास खात्याला प्रस्ताव पोहोचलेला हवा. सुनावणीची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात किमान 10 दिवस आधी छापून यावी लागते. ग्रामीण भागात वर्तमानपत्र अनेकदा साप्ताहिक असतं. त्यामुळे जाहिरात देण्याची मुदत एका दिवसाने चुकली तर अख्खा आठवडा जातो. कमिशनची शिफारस झाली की प्रस्ताव बोर्ड ऑफ कमिशनर्सकडे, म्हणजे कौंटीच्या निवडून आलेल्या मंडळाकडे, जातो. स्वतःची सनद (कारभाराची स्वतंत्र घटना) नसलेल्या कौंटीत ऑर्डिनन्सचं, म्हणजे स्थानिक कायद्याचं, वाचन दोन वेगवेगळ्या बैठकांत, किमान 13 दिवसांच्या अंतराने करावं लागतं आणि तातडीने लागू करण्याचं 'आणीबाणीचं कलम' नसेल तर ते मंजुरीनंतर 90 व्या दिवशी लागू होतं. हे सगळं जोडलं की नुसत्या औपचारिक टप्प्यांनाच काही महिने लागतात. लोकांशी बोलायचे महिने त्याच्या आधी काढायचे असतात, त्यातून कापून नव्हे.

सगळ्यात जास्त गोंधळ टपालाच्या नोटिशीने होतो. 1998 च्या मेझर 56 (मतदारांनी मंजूर केलेला कायदा) नुसार, एखाद्याच्या जमिनीवर आज परवानगी असलेला वापर बंद किंवा मर्यादित होणार असेल, तर त्या मालकाला पहिल्या सुनावणीच्या 20 ते 40 दिवस आधी वैयक्तिक नोटीस पाठवावी लागते. तिचा मजकूर कायद्यानेच ठरवून दिला आहे : तुमच्या मालमत्तेच्या अनुज्ञेय वापरावर परिणाम होऊ शकतो, तिची किंमत बदलू शकते. हे ठळक अक्षरांत वाचून कुणाचाही जीव खालीवर होईल. मजकूर बदलता येत नाही, पण सोबत एक पानाचं साध्या भाषेतलं पत्रक जोडता येतं : आज काय चालतं, उद्या काय चालेल, तुमच्या चालू वापराचं काय होणार, कुणाला फोन करायचा. नोटिसा पडतील त्या आठवड्यात कुणीही रजेवर जाऊ नये. कौंटीचं नियोजन खातंच दोन-तीन माणसांचं असतं आणि फोन अखंड वाजत राहतो.

इथे एक सापळा आहे. जुनी नियमावली 'फक्त सुटसुटीत' करताना वापरांच्या तक्त्यातली एखादी ओळ गळते आणि त्या एका ओळीपायी संपूर्ण झोनमधल्या मालकांना नोटीस पाठवणं भाग पडतं. म्हणून जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासा. हे काम दोघांनी वेगवेगळं करावं.

नोटीस आधी आणि समजावणं नंतर झालं की काय होतं, ते राज्यानेच पाहिलं आहे. 2021 च्या सिनेट बिल 762 नुसार तयार केलेला वणव्याच्या धोक्याचा नकाशा जून 2022 मध्ये जाहीर झाला. जास्त धोक्याच्या पट्ट्यातल्या मालकांच्या हाती पत्रं पडली, पण आपली जमीन त्या रंगात का, हे त्यांना कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. विमा महागेल ही धास्ती होतीच. ऑगस्टमध्ये नकाशा मागे घ्यावा लागला. 2025 च्या जानेवारीत नवा नकाशा आला आणि त्याच वर्षी विधिमंडळाने तो रद्दही केला. अनेक वर्षांचं तांत्रिक काम पत्र पाठवण्याच्या क्रमापायी वाया जाऊ शकतं.

मसुद्याआधीच्या बैठकांत 'तुम्हाला काय वाटतं?' असं मोघम विचारू नका. नेमका प्रश्न ठेवा. उदाहरणार्थ, 2021 च्या सिनेट बिल 391 ने ग्रामीण निवासी झोनमध्ये मुख्य घराशेजारी दुसरं छोटं घर बांधू द्यायची मुभा कौंट्यांना दिली : भूखंड किमान 2 एकर, घर 900 चौरस फुटांपर्यंत, मुख्य घरापासून 100 फुटांच्या आत. मुभा आहे, सक्ती नाही. तेव्हा प्रश्न असा मांडा : आपण ही मुभा घ्यायची का, आणि घेतली तर विहिरीच्या पाण्याबद्दल वेगळी अट हवी का? ज्याची विहीर उन्हाळ्यात आटते तो अर्धा तास बोलेल, आणि त्यात कुठल्याही अहवालात नसलेली माहिती असेल. ती त्याच्याच शब्दांत टिपून घ्या.

बैठक ग्रेंज हॉलमध्ये (शेतकरी संघटनेच्या सभागृहात) किंवा शाळेत, संध्याकाळी ठेवा. गव्हाच्या पट्ट्यात कापणीचे दिवस आणि गुरांच्या भागात विण्याचा हंगाम टाळा. मोरो आणि युमाटिला कौंट्यांत स्पॅनिश दुभाषी हवाच, आणि त्याचं नाव पत्रकावरच छापलेलं हवं. मॅल्हूर कौंटीचा बहुतेक भाग माउंटन टाइमवर चालतो, बाकी राज्य एक तास मागे असलेल्या पॅसिफिक टाइमवर, म्हणून ऑनलाइन बैठकीच्या पत्रकावर दोन्ही वेळा लिहा.

नवख्यांची हमखास गल्लत होते ती दोन प्रकारच्या सुनावण्यांत. नियमच बदलायचे असतात तेव्हा ते कायदा करण्याचं काम असतं आणि कमिशनर शेतकऱ्याच्या अंगणात बसून खुशाल बोलू शकतो. पण एकाच्या अर्जावर निर्णय द्यायचा असेल, तर ते न्यायनिर्णयासारखं काम आहे आणि सुनावणीबाहेर झालेली बोलणी तिथे जाहीर करावी लागतात. तुमचा स्टाफ रिपोर्ट (सुनावणीसाठी प्लॅनरने लिहिलेला अहवाल) कोणत्या प्रकारच्या सुनावणीसाठी आहे, हे पहिल्या ओळीत लिहा.

शेवटी नोंदवही. प्रत्येक सूचनेला क्रमांक, ती कोणत्या कलमाबद्दल आहे, खात्याचं उत्तर, मसुद्यात बदल झाला का, झाला नसेल तर कारण, असे पाच रकाने पुरतात. तक्ता प्रत्येक सुनावणीआधी लोकांना उपलब्ध करा. मंजुरीनंतर 20 दिवसांच्या आत राज्याच्या खात्याला निर्णय कळवायचा असतो. सहभागी झालेल्यांपैकी कुणालाही, निर्णयाची नोटीस निघाल्यापासून 21 दिवसांत जमीनवापर अपील मंडळाकडे जाता येतं. मंडळ नव्याने साक्षी घेत नाही, कौंटीने पाठवलेलं दप्तर वाचतं. त्यामुळे बैठकीतल्या चिठ्ठ्या, ईमेल, फळ्यावर चिकटवलेले कागद यांवर त्याच दिवशी तारीख घालून ते फाइलला लावा.