पॉइंट टू-टूने शंभर यार्ड गाठताना या चुका टाळा

इथे अमेरिकेत आमच्या रेंजवर दर शनिवारी एक तरी असा भेटतोच. नवी कोरी रूगर १०/२२ रायफल (पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ इंची बारक्या गोळीची), तिच्यावर तिच्याहून महाग दुर्बीण, आणि शंभर यार्डांवरच्या कागदावर गोवर उठल्यासारखी भोकं. आपल्या मंडळातला कोणी असला की प्रश्न ठरलेला: "काका, बॅरल बदलू का?"

नको रे बाबा. नळी राहू दे, आधी गोळी बदल.

खोक्यावर 'हाय व्हेलॉसिटी' दिसलं की नवशिक्याचा हात तिकडेच जातो. वेग जास्त म्हणजे नेम चांगला, हा हिशेब पॉइंट टू-टूला लागू पडत नाही. ती गोळी नळीतून सेकंदाला साधारण १,२५० फुटांनी निघते. ध्वनीचा वेग २० अंशांना १,१२५ फुटांच्या आसपास. म्हणजे शंभर यार्ड गाठायच्या आतच ती ध्वनीच्या वेगाखाली येते, आणि नेमक्या त्या टप्प्यात हवेचा अडथळा सगळ्यात जास्त छळतो. १,०७० फुटांची 'स्टँडर्ड' गोळी पहिल्यापासूनच त्या रेषेखाली असते, त्यामुळे निमूट जाते. गंमत म्हणजे आडव्या वाऱ्यात वेगवान गोळीच जास्त वाहवते. हे सांगितलं की पोरं माझ्याकडे संशयाने बघतात. बघा बापडे.

दुसरं, पाचशे नगांच्या स्वस्त डब्यातल्या गोळ्यांचा वेग एकसारखा नसतो. दोन गोळ्यांत ४० फुटांचा फरक असला तर ५० यार्डांवर तो फारसा जाणवत नाही. शंभरावर मात्र उंचीत इंचाहून अधिक फरक पडतो. म्हणून '५० वर भोकांचा पसारा एक इंच, तर १०० वर दोन' हा त्रैराशिकाचा हिशेब विसरा.

माझी सवय अशी: चार-पाच प्रकारची पन्नासाची एकेक खोकी घ्यायची आणि ५० यार्डांवर वाळूच्या पिशवीवरून झाडायची. प्रकार बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण गोळीवरचं मेण बदलतं आणि नळीला ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. त्यानंतर दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडून भोकांचा पसारा बघायचा. तीन गोळ्यांचा ग्रुप फक्त फोटो काढून पाठवायला बरा.

आता माझी स्वतःची फजिती. एकदा माझ्या रायफलीचा ग्रुप अचानक चार इंचांवर गेला. दोन शनिवार मी गोळ्या बदलल्या, वहीत वारा लिहिला, श्वासाला दोष दिला, नवी नळी ऑर्डर करायच्या बेतात होतो. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गोऱ्याने न बोलता माझी दुर्बीण चिमटीत धरली आणि हलवली. हलली! खालच्या पट्टीचे चार बारके स्क्रू सैल झाले होते. मी दोन शनिवार चार स्क्रूंशी कुस्ती खेळत होतो. तेव्हापासून रेंजवर पोचलो की चहाच्या आधी पाना बाहेर काढतो. दुर्बिणीचे, कड्यांचे आणि दस्त्याचा मुख्य स्क्रू, सगळे तपासून मगच मॅगझिन भरतो.

रायफल कुठली? १९६४ पासून बाजारात असलेली १०/२२ घ्या, सुटे भाग कुठेही मिळतात. मार्लिन मॉडेल ६० ही नेमाला चांगली, पण नळीसारखं मॅगझिन भरत बसायला संयम लागतो. फक्त बारीक ग्रुपच हवा असेल तर सेमी-ऑटोचा (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या रायफलीचा) हट्ट कशाला, बोल्ट घ्या, म्हणजे दर गोळीला हाताने दांडा ओढावा लागणारी. सेमी-ऑटोत दहा गोळ्या दहा सेकंदांत उडवायचा मोह होतो, आणि तो आवरता येत नसेल तर मी तरी काय सांगणार.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर थांबा. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर अशा व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. 'मित्राची आहे' हे उत्तर चालत नाही.

५० वर नेम बसवून शंभरावर थेट मध्यावर धरलं तर गोळी सहा-सात इंच खाली लागते. ती बिघडलेली नाही, पडतेय.

आणि ही गोळी दीड मैल जाऊ शकते. मागे मातीचा बांध नसेल तर चापावर बोट नको.

शेवटची चूक अति-स्वच्छतेची. १०/२२ मागून बंद असते, म्हणून लोक तोंडाकडून सळई घालतात आणि नळीच्या तोंडाची कड घासून टाकतात. गोळी शेवटचा स्पर्श त्या कडेलाच करते. मी दोरीचा बोळा मागून पुढे एकदाच ओढतो, तोही ग्रुप पसरायला लागला तर. चेंबर मात्र पुसतो, कारण मेण आणि काजळी साचली की काडतूस अडकतं, आणि मग शेजारच्या टेबलावरून पुन्हा तीच हाक येते: "काका, बॅरल...?"