गोवा मुक्तीवर भाषण लिहिताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की गोवा मुक्तीवरची भाषणं आणि निबंध लिहायची घाई सुरू होते. त्यात वर्षानुवर्षं त्याच चुका येतात.

सगळ्यात ठरलेलं वाक्य म्हणजे ‘साडेचारशे वर्षं अख्खा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता’. अल्फोन्सो द अल्बुकर्कने 1510 मध्ये जिंकलं ते गोवा बेट, म्हणजे आजची तिसवाडी. बारदेश आणि सासष्टी 1543 मध्ये गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती आले. ‘1510 पासून टप्प्याटप्प्याने’ एवढं लिहिलं तरी वाक्य दुरुस्त होतं.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. ‘भारतीय सैन्याने 36 तासांत गोवा स्वतंत्र केला’ म्हणून भाषण संपवलं जातं. कारवाई तेवढ्यात झाली हे खरं, पण लोक कशासाठी झगडत होते तेच त्यात राहून जातं. 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं, तेव्हा गोव्यातल्या हिंदूंनाही कायद्याने बरोबरीचं स्थान मिळालं. मग सालाझारची हुकूमशाही आली आणि 1930 च्या वसाहत कायद्याने गोवेकर पुन्हा दुय्यम ठरले. सभा घ्यायची तर परवानगी हवी, छापायचं तर आधी सेन्सॉरला दाखवायचं. म्हणून 18 जून 1946 चं मडगाव महत्त्वाचं. विश्रांतीसाठी असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी आलेले राममनोहर लोहिया मनाई असताना सभेत बोलायला उभे राहिले. अधिकाऱ्याने पिस्तूल काढलं. लोहियांनी त्याचा हात धरून बाजूला केला आणि बोलायला सुरुवात केली. लगेच अटक झाली, पण लोकांच्या मनातली भीती तिथे मोडली. तुमच्या भाषणात एकच प्रसंग मावणार असेल, तर हा घ्या.

हा लढा हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असा रंगवू नका. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा आणि पीटर आल्वारिस या लढ्यातल्या ख्रिस्ती नेत्यांची नावं घेतलीत की तो समज टिकत नाही. महाराष्ट्राचा वाटाही नुसता ‘मदत केली’ म्हणून उरकू नये. मे 1955 मध्ये सेनापती बापट आणि ना. ग. गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले, तेव्हा बापटांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. सांगलीचे मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात होते. त्यांची सुटका 1969 मध्ये झाली.

आपल्याकडे हमखास गाळला जाणारा भाग डिसेंबर 1961 च्या मुक्तीनंतरचा. डिसेंबर 1963 मध्ये प्रौढ मताधिकाराने पहिली विधानसभा निवडून आली. पुढे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूचे असूनही मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने कौलाआधी राजीनामा दिला, म्हणजे सत्तेचा दबाव नको. 1,72,191 मतं विलीनीकरणाच्या विरोधात पडली, 1,38,170 बाजूने. मराठी वाचकांना हा आकडा अजूनही टोचतो, पण तो गाळून स्वातंत्र्याची गोष्ट सांगणं मला तरी प्रामाणिक वाटत नाही. मिळालेला हक्क लोकांनी कसा वापरला आणि हरलेल्यांनी निकाल कसा मानला, हे तिथेच दिसतं.

तारखाही तपासून घ्या. 18 जून हा क्रांतिदिन, 19 डिसेंबर मुक्तिदिन आणि 30 मे घटक राज्य दिन. राज्याचा दर्जा मिळाला 1987 मध्ये, आणि दमण व दीव तेव्हा गोव्यापासून वेगळे झाले.