लिंडिसफार्नला जाताना भरतीचं वेळापत्रक आधी, बाकी सगळं नंतर

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं लिंडिसफार्न, म्हणजेच होली आयलंड, दिवसातून दोनदा मुख्य भूमीपासून तुटतं. बील गावाजवळून निघणारा डांबरी रस्ता भरतीत पाण्याखाली जातो. नॉर्थम्बरलँड काउंटी कौन्सिल रोजच्या सुरक्षित वेळा जाहीर करते; त्याच पाहा. कालच्या वेळा आज चालत नाहीत, कारण भरती दररोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते.

लोक अडकतात ते बहुतेक परतताना. बेटाकडून पाहिलं तर रस्ता कोरडा दिसतो, पण सखल भाग पलीकडे, मुख्य भूमीजवळच्या पुलापाशी आहे. पाणी आधी तिथे चढतं. त्यामुळे वेळ संपायला निदान अर्धा तास असतानाच बेट सोडा. समुद्राकडून जोराचा वारा असेल तर त्याहूनही आधी निघा, पाणी वेळेआधी येऊ शकतं. चाकांखाली पाणी दिसलं की पुढे रेटू नका, मागे फिरा. फिरता येत नसेल तर गाडीचा मोह सोडा, पुलाजवळच्या खांबांवरच्या पांढऱ्या खोलीत चढा आणि 999 लावून कोस्टगार्ड मागा.

वाळूतून खांबांच्या रांगेने जाणारी जुनी यात्रेकरूंची वाट सुमारे 5 किलोमीटरची आहे. पायी जाणाऱ्यांनी गाड्यांसाठीची पूर्ण वेळ आपली समजू नये. ओहोटी चालू असतानाच निघा आणि सुरक्षित वेळेच्या मध्यापर्यंत पलीकडे पोचा.

प्रायरीचे, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाचे, अवशेष आणि किल्ला निवांत बघायचा असेल, तर सुरक्षित वेळेचा मोठा टप्पा दिवसा येणारी तारीख निवडा.